मला ती बोली येत नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आईला तर नाहीच — तिला सांगायचं तर तिच्याच बोलीत सांगावं लागेल, आणि सगळी गोम तिथेच आहे.

तुम्ही ओळखीचे नाही, ते बरंय. ओळखीच्या माणसांपुढे मी फार नीटनेटकं बोलते. डहाणूच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. किती वर्षं झाली ते सोडा, केस रंगवायची वेळ आली एवढं पुरे. पोरं म्हणतात, मॅडमचं मराठी ऐकत राहावंसं वाटतं. मलाही तसंच वाटतं. दुखणं हेच आहे.

मी तलासरीकडची, झरीच्या बाजूच्या एका पाड्यावरची. वारली. हे मी कधी लपवलं नाही — लपवणार तरी कसं? नेमणूकच राखीव जागेवरची. लपवलं ते दुसरंच. नवी नवी रुजू झाले होते तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत हसत म्हणालं, ‘मॅडम, तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा ना.’ वाईट हेतू नव्हता हो. पाहुण्यांपुढे लहान मुलाला कविता म्हणायला लावतात, तेवढंच. पण मला वाटलं, आता हे सगळे हसणार. आणि मी म्हणाले, ‘मला ती बोली येत नाही. मी लहानपणापासून बाहेर शिकले. आमच्या घरी मराठीच.’

आमच्या घरी मराठीच! पहिलीत गुरुजी म्हणाले, पाटी काढा, आणि घरी जा म्हणाले असं समजून मी उठून सरळ घरी चालू लागले होते — बाकीचे काय करतात ते बघायचंही सुचलं नाही. मराठीचा एक शब्द कळत नव्हता मला. वसतिगृहात मोठ्या मुली माझ्या तोंडून मुद्दाम वाक्यं वदवून घ्यायच्या आणि हसून लोळायच्या. तिथेच मी ठरवलं असणार, की या बायांपेक्षा चांगलं मराठी बोलून दाखवीन. दाखवलं. त्याचा मला अजून अभिमान आहे, तोही लपवत नाही.

एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. माझं मात्र उलटंच झालं — माझं खोटंच मला सांभाळायला लागलं. एका बैठकीत इतिहासाच्या तरुण बाईंनी सुचवलं, की पहिल्या वर्षाला तलासरीकडची मुलं धडाधड नापास होतात, तर सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्या बोलीचा आधार घेऊन शिकवू या, वरच्या वर्गातली त्यांचीच मुलं मदतीला घेऊ या. चांगली सूचना होती. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ‘भाषेची अडचण ही सबब आहे, सर. मीही त्याच भागातून आले. माझं काही अडलं नाही.’ विषय तिथेच संपला. मग कित्येक वर्षं तेच वाक्य माझ्या नावानं फिरत राहिलं — आपल्या मॅडमच सांगतात ना! फी माफ, वसतिगृह फुकट, तरी पोरं पास होत नाहीत, दर्जा कुठून राखायचा, अशी चर्चा स्टाफरूममध्ये रंगली की कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणायचं, ‘तुमचं वेगळं हो, मॅडम.’ आणि मी हसायचे. मला ते आवडायचं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी वर्गात अर्थासकट शिकवलेली आहे.

अभ्यासक्रमात बोलींचा एक घटक आहे. मालवणीची उदाहरणं देते, अहिराणीची देते. खिडकीबाहेर मुलं जी बोली बोलतात, तिचं एकही दिलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पुढे कॉलेजात समान संधी कक्ष स्थापन झाला. व्हरांड्यात मोठा फलक लागला — कुणाशीही भेदभाव होत असल्यास निर्भयपणे सांगावे. समितीत एक सदस्य आदिवासी हवा, असा नियम. माझ्याशिवाय कोण? म्हणजे बघा, मी त्या खुर्चीत नेमकी कशासाठी बसले होते, ते तुम्हालाही कळतंय. मला कळत नव्हतं का?

रंजना बीएस्सीला होती. तिच्या आईनं आणि मी लहानपणी एकाच ओढ्यात खेकडे धरलेले. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात रंजना भेटली होती. तिथे मी रात्रभर बायकांमध्ये बसून आमची गाणी म्हटली, आमच्याच बोलीत एकेकीची टर उडवली. पोरगी माझ्याकडे बघून हसत होती. कॉलेज सुरू झालं आणि जिन्यात ती मला त्याच बोलीत ‘कशी आहेस’ म्हणाली — आमच्यात मोठ्यांनाही अरेतुरेच असतं, त्यात प्रेम असतं. माझ्याबरोबर रसायनशास्त्राचे सर होते. मी म्हणाले, ‘कॉलेजात नीट मराठीत बोलायचं. आणि मॅडम म्हणायचं.’ तिनं मान खाली घातली. पुन्हा कधी ती तसं बोलली नाही.

पुढे रंजनानं कक्षाकडे तक्रार केली, ती या सरांविरुद्धच. आता सरांविषयीही खरं सांगायला हवं. ते माझ्याशी फार चांगले वागायचे. वाडीतले चिकू घरी पोचवायचे. आईला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा गाडी त्यांनी काढली होती. अशा माणसाविरुद्ध एका पोरीचा दोन ओळींचा अर्ज — सर आमचा अपमान करतात, आम्हाला वेगळे वागवतात. बस. कधी, कुठे, काय म्हणाले, काही नाही.

समितीसमोर बोलावलं तेव्हा ती एकटीच आली. प्राचार्य वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं, ‘नेमकं काय झालं ते सांग. कोणी पाहिलंय का?’ ती मराठीत सांगू लागली. अडखळली. परत पहिल्यापासून. समोर चार मोठी माणसं, त्यांतले एक सारखे घड्याळ बघणारे. तिचा आवाज चिरकला, डोळे भरले — आणि ती एकदम आपल्या बोलीत शिरली.

आणि मग काय सांगू तुम्हाला, कशी बोलली! एक अडखळ नाही. प्रॅक्टिकलला ती आणि तलासरीच्या आणखी दोघी — त्यांना दर वेळी काचेची भांडी धुवायला लावतात. बाकीची मुलं प्रयोग करतात, या धुतात, आणि शेवटी दुसऱ्याच्या वहीतून आकडे उतरवतात. एकदा तिनं म्हटलं, सर, मला ब्युरेट हातात घेऊ द्या, तर सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्हाला भांड्यांची सवय असते, हेच नीट कर, फुटलं तर तुझा बाप भरणार आहे का? वर्ग हसला. सहामाही परीक्षेत तिला ब्युरेटची ती काचेची नळी धरता येईना. हे त्या दोघींना माहीत आहे, त्यांची नावं तिनं घेतली. प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी रोज पाहिलंय, ते सांगतील म्हणालेत — तुम्ही फक्त त्यांना आत बोलवा. बाहेर बसलेत ते.

बाहेर बसलेत ते. मला प्रत्येक शब्द कळला. खोलीत दुसऱ्या कुणालाही एक अक्षर कळलं नाही.

प्राचार्य माझ्याकडे वळले. ‘मॅडम, काय म्हणते आहे ती?’

तुम्हाला वाटेल, मी खूप विचार केला असेल. सरांचे उपकार आठवले असतील, भीती वाटली असेल. तसं काही झालं नाही. मनात आलं ते एवढंच — आता यांना कळणार, की मला येते. इतकी वर्षं येत होती. इतकंच. पोरीचं वर्ष, तिचं शिक्षण, काचेची भांडी — यातलं काहीसुद्धा त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. मी म्हणाले, ‘सर, मला ती बोली येत नाही.’

रंजनाला त्यांनी पुन्हा मराठीत सांगायला सांगितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. आरोप अस्पष्ट, साक्षीदार नाहीत, असा निष्कर्ष निघाला. त्याखाली मीही सही केली. बाहेर पडले तर मदतनीस काका बाकावरून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, मी आत बोलवायला आले. मी त्यांच्याकडे न बघता पुढे गेले.

ती त्या वर्षी प्रॅक्टिकलला नापास झाली आणि पुन्हा आली नाही. आता उंबरगावच्या कुठल्याशा कंपनीत पॅकिंगला जाते. पहाटे तलासरीच्या नाक्यावर बायकांना न्यायला गाडी येते, त्या गाडीनं. तिची आई मला विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत भेटली. मला जवळ घेतलं, आणि आमच्या बोलीत विचारलं, तू त्याच कॉलेजात आहेस ना गं, माझ्या पोरीचं कुणी ऐकून नाही घेतलं? म्हणजे पोरीनं घरी माझं नावही सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, त्या दिवशी मी नव्हते. हे मात्र मी आमच्या बोलीत म्हणाले, अगदी झकास.

सरांचं पुढे काही झालं का, असंही तुम्ही विचाराल. नाही झालं. चिकू अजून येतात. आम्ही खातो.

इथे थांबता आलं असतं. पण एक राहिलंय, आणि मी इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरते आहे.

मी ‘येत नाही’ म्हणाले तेव्हा प्राचार्यांना ते पटलं नव्हतं. ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही त्याच भागातल्या ना? थोडंफार तरी कळत असेल.’ मी समोरचे कागद सरळ करू लागले. रंजना समोर बसली होती. लग्नात मला रात्रभर गाताना तिनं पाहिलं होतं. तिनं एक शब्द उच्चारला असता तर माझं सगळं उघडं पडलं असतं, आणि तिचं म्हणणं ऐकलं गेलं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला, देव जाणे. मग पदरानं डोळे पुसावेत तसे ओढणीनं पुसले आणि प्राचार्यांना म्हणाली, ‘नाय सर. मॅडमना आमचं बोलणं नाय समजत. त्या लहानपणापासून बाहेर शिकल्या.’

मला शरम वाटायला हवी होती. ती पुष्कळ नंतर आली. तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं. आणि मी तिच्याकडे बघून मान हलवली — वर्गात कुणी बरोबर उत्तर दिलं की हलवते तशी.