भूमिपूजनाचा कडुनिंब

बोरगाव मेघेत एक बिल्डर फ्लॅट बांधणार होता. निवृत्तीचे सगळे पैसे मी त्याच्या स्कीममध्ये गुंतवले. भूमिपूजनाला त्याने माझ्याच हातून तिथे कडुनिंबाचं रोप लावून घेतलं. नकाशाची मंजुरी म्हणे महिनाभरात येणार होती. ती अजून आलीच नाही. रिकाम्या जागेचा कर मात्र दरवर्षी न चुकता येतो, आणि बिल्डर तो आमच्याच पैशांतून भरतो.

परवा डोकं फिरलं, तसाच मंजुरीच्या ऑफिसात गेलो. तिथला बाबू म्हणाला, "काका, जागेच्या मधात मोठं झाड आहे. आधी ते तोडाची परवानगी आणा, मग नकाशा पाहू."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दर उन्हाळ्यात त्याले पाणी टाकाले तुम्हीच जात होते ना?"