सात पायांची आक्का

आक्का कापड कानानं ओळखायची. "चोळ गं जरा," म्हणायची आणि मान तिरकी करायची. मी तिच्या कानाशी खण धरून चोळायची, मग मलमल चोळायची, आणि ती डोळे मिटून शिवणाच्या मशीनचा पाय सांगायची, "ह्याला बारका पाय लाव. दांडगा लावशील तर चावंल त्याला." कुणालाही वाटेल, काय कसब बाईचं! कसब होतंच. पण ते कानावर यायची पाळी का आली, हे कुणी विचारत नाही. हात लावायची बंदी होती म्हणून. कापड लग्नाचं असायचं, आणि आक्का विधवा होती.

आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. आम्ही शिंपी, सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायला. बाबांचं दुकान पुढच्या रस्त्याला, घर मागच्या बोळात. आक्काला वळसंगला दिली होती, तिथंही शिंप्याच्याच घरात. तापाच्या साथीत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी तिला माहेरी धाडलं. बैलगाडीत खाली कडबा पसरून त्यावर एक शिवणाची मशीन आडवी निजवली होती आणि आक्का तिला धरून बसली होती, असं बाबा सांगत. दोन लुगडी, एक तांब्या आणि ती पायडलची मशीन, एवढंच तिचं सामान. नवऱ्यानं मरताना दिरांच्या देखत ती मशीन तिच्या नावानं सांगितली होती, म्हणून तेवढी सुटली. "ही हाय म्हणून मी हाय की," असं ती मला म्हणायची. तेव्हा मला हसू यायचं.

मशीनबरोबर एक पत्र्याची पेटी होती. तीत सात पाय. सुईखाली कापड दाबून धरतो तो मशीनचा पाय. काही खरे पाय होते, काही नुसत्या वर जोडायच्या करामती, पण आक्का सरसकट सगळ्यांना पायच म्हणायची. बाबा चेष्टेनं तिला सात पायांची म्हणत. पेटीत इंग्रजी पुस्तक होतं. ते ना तिला वाचता येई, ना तिच्या नवऱ्याला आलं. वळसंगला दुपारी नवरा जेवून पडला की ही चित्रं बघून एकेक पाय लावून बघायची. कशाला काय म्हणतात ते ठाऊक नाही, म्हणून तिनं आपलीच नावं ठेवली होती. कापडाची कड आपोआप दुमडून घेणारा तो मामलेदार, "कारण सगळ्यांना वाकाया लावतो." झालरीला चुण्या घालणारी ती नटवी. गोधडीवर सरळ रेघा धरणारा तो मास्तर. कडेला गोटाची पट्टी लावायच्या पायाला मात्र ती भावजी म्हणायची, का ते तिनं कधी सांगितलं नाही. पाय बसवताना स्क्रू पिळायची तो कानडीत मोजत, ओंदु, एरडु, मूरु. तिसऱ्याला थांबायची. चौथा पीळ दिला की कापडावर दात उमटतात, म्हणे.

घरातलं सगळं शिवण आक्काच करायची. बाबांच्या बंड्या, आमची परकर-पोलकी, शेजारणींच्या गोधड्या. त्याला कुणाची ना नव्हती. पण लग्नाचं कापड घरात आलं की आईचा आवाज बदलायचा. "वन्सं, पेटीला हात लावा, तेलाला लावा, चिंधीला लावा. कापडाला तेवढा नको." म्हणून कापडाला मी. आक्कानं कानानं ऐकून पाय निवडायचा, चिंधीवर चालवून बघायचा, बसवून द्यायचा आणि बाजूला सरकायचं. मग मी चौदा वर्षांची घोडी तिथं बसून ते कापड वाकडंतिकडं ढकलायची. आणि पेठेतल्या बायका आईला म्हणायच्या, कमळीचा हात चांगला आहे हो!

कमळीचा हात म्हणजे काय होता, ते एकदाच सांगते. झालरीच्या बाह्यांची फॅशन नुकती आली होती. नवरीचं पोलकं होतं, आणि नटवी लावल्यावर कापड सोडायचं असतं, ओढायचं नसतं, हे आक्का तोंडानं सांगून थकली. मी ओढलं. सगळ्या चुण्या एका जागी गोळा होऊन बाही फाटली. मी रडायला लागले. आक्का उठली, दाराला आतून कडी घातली, मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि बसली. उरलेल्या तुकड्यातून नवी बाही कापली, जोड बगलेत लपवला आणि अर्ध्या तासात पोलकं माझ्या हातात ठेवलं. "आता भायेर जा आन् दाखव. नाक पूस आदी," म्हणाली. बाहेर सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

त्या दिवसापासून दार लागायचं. आत आक्का शिवायची आणि मी शेजारी शेंगा खात बसायची. पाय निवडताना मात्र ती तरीही आधी कानाशीच चोळायला लावायची. हात लावायची मोकळीक असून सवय गेली नाही, की मी काहीतरी करावं म्हणून करायची, देव जाणे. आईला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. माझं पायडल अडखळत चालायचं आणि आक्काचं एका लयीत, हे भिंतीपलीकडून बहिऱ्यालाही कळलं असतं. पण घरी लग्नाची कापडं येत होती, माझं नाव होत होतं, आणि उपवर मुलीचं नाव झालेलं कुठल्या आईला नको असतं? आईनं दारावर कधी थाप मारली नाही.

नखरे काय कमी होते आक्काचे! चुकीचा पाय लावलेलं शिवण तिला रस्त्यात दिसलं तरी बघवायचं नाही. एकदा देवळात पुढं बसलेल्या बाईच्या पोलक्याचा गोट बघून ती माझ्या कानात म्हणाली, "बघ, आडव्या कापडाची पट्टी घेतलीया. गोटाला तिरकी लागती. भावजी रुसलाय तितं." आणि आरती होईपर्यंत तिचा जीव त्या गोटातच. मी उशी शिवायला बारका पाय लावला तर टाळक्यात टपली मारायची. "कापड काय मागतंय ते बघ, तुला काय आवडतंय ते नगं." आणि लगेच गुळाचा खडा हातावर ठेवायची. माझ्यावर तिचा फार जीव होता. हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. त्या जिवाचं मी काय केलं ते आता सांगायचं आहे.

मी सोळाची झाल्यावर करकंबचं स्थळ आलं. मुलगा देखणा होता. मी दाराच्या फटीतून पाहिला होता आणि मला तो हवा होता, खोटं कशाला बोलू. बैठकीत आईनं माझी म्हणून आठ-दहा पोलकी मांडली. मुलाच्या वडलांचंही बाजारात शिंप्याचंच दुकान. त्यांनी एक झालर उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हात हाय पोरीला. मशीन कुटं हाय?" दाखवली. त्यांनी चाक फिरवून पाहिलं. "मग असं करा, हीच द्या पोरीबरोबर. आमचं दुसरं काय मागणं न्हाय."

बाबांनी खाली पाहिलं. मशीन कुणाची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आक्का आत चुलीपाशी होती. असल्या बैठकीत ती पुढं येत नसे. बाबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "कमळे, ही पोलकी तूच शिवलीस नव्हं?" आज मला कळतं की बाबा मला वाट काढून देत होते. 'आक्कानं शिवली' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. स्थळ मोडलं असतं आणि मशीन घरात राहिली असती. मी म्हणाले, "व्हय बाबा, मीच." चांगलं खणखणीत म्हणाले. चुलीपर्यंत ऐकू गेलं असणार.

बाबा आत गेले, मागोमाग मी. "आक्का, पोरीचं बरं होतंय," एवढंच त्यांना बोलता आलं. आक्कानं भाकरी उलटली. "व्हय की. मग न्हेऊ द्या," म्हणाली. मग तव्याकडं बघतच पुढं म्हणाली, "पर तिला अजून पाय निवडाया येत न्हाईत. मला चार दिस द्या."

लग्नाची घाई चाललेली असताना चार दुपारी तिनं मला घेऊन बसवलं. दुसरी कुणी असती तर स्क्रू लपवला असता, निदान एक शिवी तरी दिली असती. हिनं एकेक पाय माझ्या तळहातावर ठेवून त्याचं वजन करायला लावलं. पातळाला अरुंद पाय, म्हणजे सुईपाशी कापड गोळा होत नाही. जाड्याला रुंद. खणाला सपाट तळाचा, नाहीतर विणीचे धागे ओढले जातात. मामलेदाराला कोपरा आधी कातरून द्यायचा, नाहीतर तो वळत नाही. पाय बदलताना सुई वर, आणि आधी चिंधी, मग कापड. "तितं तुला सांगाया कोन नसंल," असं पुन्हा पुन्हा म्हणायची. मी शिकले. बाई, खरोखर शिकले, चार दुपारींत दोन वर्षांचं शिकले. चौथ्या दिवशी मी गोट लावला आणि तिनं तो बोटानं चाचपून पाहिला. "आता तुजं बोलणं खोटं न्हाई," म्हणाली. म्हणजे तिनं ऐकलं होतं.

करकंबला मशीन गेली ती थेट बाजारातल्या दुकानात. सासरे तिच्यावर बंड्या आणि बैलांच्या झुली शिवत. मी नवऱ्याला म्हटलं, दुपारी तास-दीड तास मला बसू द्या. "बायामाणसांनी दुकानात बसायचं नसतं," हे उत्तर. मग मशीन घरी आणा म्हटलं, तर सासूबाई हसल्या. ती आणली होती कशासाठी! मी चहा घेऊन जायची तेव्हा बघायची, मलमल असो की झूल, एकच दांडगा पाय वर्षभर, आणि सगळ्या कापडावर दात उमटलेले. पेटी माळ्यावर गेली. त्या मशीनवर मी एकदाही बसले नाही, एकदाही नाही.

पहिल्या माहेरपणाला आले तर आक्का भिंतीला टेकून हातसुईनं गोधडी शिवत बसलेली. बाबांनी दुसऱ्या मशीनची गोष्ट दोनदा काढली होती, आईनं ती दोनदा बंद केली. आक्काचा उजवा पाय जमिनीवर सारखा हलत होता, टाच-चवडा, टाच-चवडा. आई ओरडायची, "वन्सं, पाय हलवू नका, घरात बरं नसतं!" की थांबायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू. मला तिनं एकच विचारलं, "पाय बदलती नव्हं येळच्या येळी?" "बदलते की," मी म्हणाले. "नटवी लावती?" "लावते." तिला इतकं बरं वाटलं की धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. पुढं दर खेपेला ती हेच विचारायची आणि मी हेच सांगायची. तीन वर्षं सांगितलं, मग आक्काच गेली.

तेराव्याला पेठेतल्या बायका जमल्या. बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं चाललं होतं. आई म्हणाली, "शेवटी शेवटी कामाचा कंटाळाच आला होता त्यांना. नुसत्या बसून असायच्या." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून उभी राहिले आणि सगळं बोलले. दार लावून कोण शिवायचं, कानानं कापड कोण ओळखायचं, पाय कोण निवडायचं, कुणाकुणाच्या लग्नाचं पोलकं आक्काच्या हातचं होतं, सगळं. माझा हात नव्हताच कधी, म्हणाले. मला वाटलं होतं, आता तरी या बायका म्हणतील, केवढी गुणाची बाई होती!

 मग कोपऱ्यात बसलेली सुभद्रा, शेजारच्या बोळातली, जिचा नवरा आदल्याच वर्षी गेला होता, ती एकदम छाती बडवत ओरडली, "तरीच! तरीच गं बाई! माझं पोलकं रांडमुंड बाईच्या हातचं! तिनंच खाल्लं माझं कुंकू!" बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. कुणी पाणी आणलं, कुणी तिची पाठ चोळली. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "झालं समाधान?"

दुसऱ्या दिवसापर्यंत पेठभर झालं. आक्कानं शिवलेल्या पोलक्यात पंचवीस-तीस पोरी बोहल्यावर उभ्या राहिल्या असतील. त्यातल्या कितीतरी आज नातवंडं खेळवतात. त्यांच्या संसाराचं श्रेय आक्काला द्यायला एकही पुढं आली नाही. सुभद्रेचा नवरा मात्र तिनं मारला. मेलेल्या बाईला जाब देता येत नाही, आणि तिच्या बाजूनं बोलायला उरले होते ती मी. आक्काच्या हातानं कुणाचं वाईट झालं नाही म्हणून मी पुष्कळ बोलले, दारोदार जाऊन बोलले. आजवर जी धडधडीत खोटं बोलत होती तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? "तूच म्हणाली होतीस की, मीच शिवते म्हणून. आता तुझं काय खरं मानायचं?" असं म्हणून बायका दार लावून घ्यायच्या.