रांडेची पांढर

“मॅडम, ते नाव मी तोंडानं घेणार नाही. तुम्हीच वाचा आणि तुम्हीच खोडा,” विलास म्हणाला आणि नकाशावर बोट ठेवून दुसरीकडं बघायला लागला.

नाव होतं ‘रांडेची पांढर’. पाचोडच्या अलीकडच्या एका लहान गावात मी गेले होते. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारी. गावाच्या नकाशात शिवारातल्या तुकड्यांना जुनी नावं असतात. हा तुकडा विलासच्या घराण्याचा. तो वाळूजला कंपनीत आहे. ‘रांडेची’ काढून ‘राणीची’ करा, असा ठराव त्यानं ग्रामसभेत करून घेतला होता. नवा नकाशा छापायला जाणार होता. त्याआधी जागेवर जाऊन खात्री करायची, एवढंच माझं काम.

“गावात भांडण झालं की पहिली शिवी आम्हालाच,” तो म्हणाला. “माझ्या पोरीला गावचीच पोरं कॉलेजात तेच ऐकवतात. ती घरी बसलीय, जातच नाही.”

मला त्या पोरांचा संताप आला. साहेबांना फोन लावला.

“ठराव आहे ना? मग टाका राणीची,” साहेब म्हणाले. “तिथं काय इतिहास शोधताय?”

शेतात शिरले तशी पायाखालची माती बदलली. भोवती सगळी काळी जमीन आणि मधला उंचवटा राखाडी, भुसभुशीत. शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात, वस्तीच्या जागेला पांढर. चुलीची राख, पडलेल्या भिंती, सारवणाची माती पिढ्यानपिढ्या जिरून ती तशी होते. ढेकळांत खापराचे तुकडे दिसत होते. म्हणजे गाव आधी इथं होतं, मग रस्त्याकडं सरकलं.

विलासची आजी काशीबाई आमच्या मागोमाग येऊन बांधावर बसली होती. मी तिच्याजवळ टेकले.

“आजी, इथं आधी कोण राहायचं?”

“माझ्या सासऱ्याची पणजी. निजामाचं राज होतं तवा. देवगाव रंगारीकडं दिली होती तिला. नवरा मेला अन् सासरच्यांनी हाकलून दिलं. दोन लेकरं अन् डोक्यावर जातं, एवढंच घेऊन आली. इथं चिटपाखरू नव्हतं. जातं हाय म्हटल्यावर आजूबाजूच्या बाया दळायला येऊ लागल्या. मग कुणी झोपडी घातली, कुणी गुरं आणली. असं गाव झालं.”

“आणि नाव असं कसं पडलं?”

“सोडा ना मॅडम,” विलास म्हणाला.

“ते नाय मी सांगत, वंगाळ हाय,” आजी म्हणाली. “पर बाई लई हिमतीची. मी रांडावले तवा ह्याचा बाप कडेवर होता. सासू म्हणायची, तिनं गाव वसवलं, तुला दोन लेकरं वाढवायला काय झालं?”

“आजी, रांडावले म्हणजे?”

“म्हंजी नवरा गेला. तुम्हाला मराठी येत नाय का?”

“मग रांड म्हणजे कोण?”

आजीनं तोंडाला पदर लावला. मीच सांगितलं. जुन्या बोलीत रांड म्हणजे नवरा मेलेली बाई. आपण तो शब्द फक्त शिवीसाठी ठेवला. विधवेनं वसवलेली जागा, एवढाच त्या नावाचा अर्थ.

विलास खाली बसला. “लहानपणापासून ऐकतो मी हिचं रांडावले, रांडावले,” तो म्हणाला. “कधी डोक्यातच आलं नाही. आजी, तिचं खरं नाव काय? तेच टाकू.”

“कुणाला ठावं? नवरा मेल्यावर नावानं कोण हाक मारतंय? हेच राहिलं तिचं.”

मला फार वाईट वाटलं. अख्खं गाव वसवलं बाईनं, आणि तिचं नाव एकालाही माहीत नाही.

“मग राणीचीच करू?” विलासनं हळूच विचारलं.

“ती काय राणी व्हती? राणी कशाला डोक्यावर जातं वाहील? हाय तेच राहू दे.”

“आणि पोरीला काय सांगू?”

“सांग की, रांडावलेल्या बाईनं गाव वसवलं. हसणाऱ्या पोरायची घरंबी तिच्यामुळंच उभी हायेत, म्हणावं.”

पुढच्या ग्रामसभेत विलासनं स्वतः उभं राहून ते नाव घेतलं, अर्थ सांगितला आणि ठराव मागं घेतला. पोरगी कॉलेजात जाते. काय ऐकवायचं, हे तिला आता माहीत आहे.

“म्हणजे नकाशात बदल काय झाला?” साहेबांनी विचारलं.

“काहीच नाही, साहेब.”

तेव्हापासून नाव खोडायचा अर्ज आला की मी आधी त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसते. मोजणीच्या नियमात तसं कुठं लिहिलेलं नाही.