साडेआठचा कॉलम

त्या प्रोग्रामने माझं डोकं उठवलं होतं. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी इंजिनिअर होते. मळी आंबवून जो वॉश तयार होतो, तो उकळून त्यातून अल्कोहोल वेगळं काढायला नवा कॉलम, म्हणजे उंच नळकांड्यासारखा मनोरा, बसवायचा होता. त्यात आडव्या प्लेट किती, वाफ किती, हे कॉम्प्युटरवर काढायचं काम मी भांडून मागून घेतलं होतं. "सोमवारपर्यंत आकडे द्या, नाहीतर पुण्याच्या कन्सल्टंट लोकांना बोलावतो," असं साहेबांनी बजावलं होतं. माझं स्वतःचं पहिलं डिझाइन! ते मला कुणाच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं.

पण आधी जुन्या कॉलमचं गणित जुळायला हवं ना! वॉशमधून आत गेलेलं अल्कोहोल आणि बाहेर आलेलं, यांचा काही केल्या मेळ बसेना. प्रोग्राम शंभर फेऱ्या मारायचा आणि लाल अक्षरांत 'उत्तर नाही' म्हणून गप्प बसायचा. मेल्याला झालंय तरी काय! तीन दिवस मी त्याला शिव्या घातल्या, दोनदा काढून पुन्हा टाकला. डबा न उघडताच घरी परत जायचा.

शनिवारी दुपारी वैतागून, ऑपरेटर दर तासाला आकडे लिहितात ते लॉगबुक नीट वाचलं. वॉशमध्ये अल्कोहोल साडेआठ टक्के. पुढच्या तासालाही साडेआठ. महिनोन् महिने, तिन्ही पाळ्यांत साडेआठ. टाकी बदलली तरी साडेआठ!

आमचे मुख्य ऑपरेटर कोरेगावकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मामा म्हणत. मी वही त्यांच्यापुढे आपटली.

"मामा, हे मोजता की नुसतं लिहिता?"

"मोजतो की. कवा सात येतंय, कवा नऊ." मामा शांतच. "पर तुमीच म्हनला हुता न्हवं, आकडा असा नाचता कामा न्हाई, साडेआठच पायजे. मी तिन्ही पाळ्यांस्नी सांगून ठेवलं. हुकूम म्हंजे हुकूम, मॅडम."

म्हटलं होतं खरं. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर, तावातावाने. आंबवण्याकडे लक्ष द्या, असं मला म्हणायचं होतं.

सोमवारी साहेबांना सगळं सांगून नव्याने मोजायला पंधरा दिवस मागितले. त्यांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला.

पुण्याच्या माणसाने आल्या आल्या लॉगबुक चाळलं आणि हसत विचारलं, "हे रोज तपासतं कोण?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. प्रत्येक पानाखाली माझी सही होती.