सूर्य, वायर आणि साचेखात्यातला आवाज

गिरणी बंद पडली तेव्हा बाबा साचेखात्यात कापड विणत होते. मग ते दिंडोशीच्या एका कॉलनीत वॉचमन झाले, आई लोकांकडे पोळ्या लाटायला जाऊ लागली. पावसाळ्यात आमच्या खोलीतली निम्मी भांडी गळतीखाली असायची. त्या खोलीत अभ्यास करून मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले. घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी लाजत सांगत नाही.

पुढे इमारतीत घर मिळालं. परीक्षा देऊन मी हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर घरून देशोदेशीच्या लोकांशी बोलायच्या रेडिओचं, लायसन्स काढलं आणि गच्चीवर एरियलची वायर ताणली. बायकांनी तिच्यावर बोंबील वाळत घातले. मी काढा म्हटलं, तर माझीच तक्रार सोसायटीच्या सेक्रेटरींकडे.

"पूजेला सगळ्यांसमोर परदेशात बोलून दाखव," ते म्हणाले. "नाहीतर वायर उतरव."

सत्यनारायणाच्या दिवशी भर दुपारी मी गच्चीवर रेडिओ मांडला. सकाळी झकास चालणारा रेडिओ एकदम मुका. फोनवर पाहिलं, तर सूर्यावर मोठा स्फोट झालेला.

मी समजावलं, "कॅरमच्या पट्टीला लागून स्ट्रायकर वळतो ना, तसा आपला आवाज आकाशातल्या वरच्या थरावरून वळून लांब जातो. आज त्या स्फोटामुळे खालचा थर दाट झालाय. तो आवाज वाटेतच गिळतोय."

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, लाइट गेली की आम्ही वीजवाल्यांना बोलतो. तू थेट सूर्यावर ढकलतेस?"

"मोठ्याने बोल गं," बाबा म्हणाले. साच्यांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे आवाज कायम चढा. ते घरात मीठ मागतात तेव्हा समोरच्या इमारतीला कळतं.

"बाबा, ओरडून काही होत नाही. वरची फ्रिक्वेन्सी आधी मोकळी होते. तिथे लावलंय, आता थांबायचं."

"ओरडून तर बघ. कॉलेजात नाही शिकवलं म्हणून काय झालं?"

प्रसाद वाटून झाला. सेक्रेटरी वायरची गाठ चाचपायला लागले. शेवटी बाबांचं मन राखायला मी साचेखात्यातल्यासारखी ओरडले.

स्पीकर खरखरला. जपानमधला एक माणूस इंग्रजीत म्हणाला, आवाज स्वच्छ येतोय, पण जरा हळू बोला.

बाबांनी गच्चीभर नजर फिरवली. सूर्य शांत झाला म्हणून जमलं, हे मी परत सांगून पाहिलं. कोणी ऐकेना. अजूनही रेडिओ गप्प झाला की मावशी म्हणतात, "बाबांना वर पाठव."

बोंबलांसाठी मी वेगळी दोरी बांधून दिली. वायर गच्चीवर कायम राहिली, सोसायटीच्या परवानगीने.