टेलरबाईंच्या भिंतीची वेल

टेलरबाईंचं माप कधी चुकत नसे. नवऱ्याला जाऊन दीड महिना झाला, तेव्हा त्यांनी घरामागच्या भिंतीचंही माप घेतलं. कापडावर खुणा करायच्या खडूनं दर अर्ध्या तासाला उन्हाची कड आखली. ऊन साडेदहाला वीतभर उतरायचं आणि बाराच्या आत निघून जायचं. रडू येत नव्हतं, खडू धरता येत होता, एवढंच.

याच भिंतीशी नवऱ्यानं सात वर्षांत चार मधुमालती लावल्या, चारही वाळल्या. पाचवी दोन पानांवर तग धरून होती. दवाखान्यात त्यानं विचारलं होतं, "कळी आली का गं?"

"ऊन नाही तिथं, कळी कुठून येणार?" बाई सवयीनं बोलून गेल्या. त्यानं कूस बदलली. मग बोलणं झालंच नाही.

त्यामुळे नर्सरीत कुठली वेल घ्यायची, हे आता सोपं राहिलं नव्हतं. बरोबर नणंद होती.

"दादाची मधुमालतीच घे, वहिनी."

"मरेल ती."

"मरू दे. लावलीस, हे तरी राहील."

ऊन किती, नर्सरीवाल्यानं विचारलं. बाईंनी मिनिटांसकट सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या मिस्टरांना मी दर वेळी सांगायचो, फाटकाशी लावा. तर म्हणायचे, फाटकाशी कोण बघणार? ती दिवसभर मशीनमध्ये डोकं घालून बसते. मान वर केली की समोर ती भिंतच."

नणंदेनं डोळ्यांना रुमाल लावला. आता आपल्यालाही काहीतरी होईल, म्हणून बाई थांबल्या. मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढून बघावा, तसं ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. काही झालं नाही.

"सावलीत जगणारी दाखवा."

त्यानं बारीक पानांची, भिंतीला आपसूक चिकटणारी वेल काढली. "हिला फूल नाही हं. आणि पहिलं वर्ष ढिम्म हलायची नाही."

"चालेल."

"दगड आहेस नुसती," नणंद पुटपुटली. बाईंना ते पटलं.

घरी येऊन त्यांनी पाचवी मधुमालती मातीसकट अलगद काढली, तिच्या जागी नवी वेल दाबून बसवली. काढलेली कुंडीत घालून फाटकाशी उन्हात नेऊन ठेवली.

"इथं गं कोण बघणार?" नणंदेनं विचारलं.

"मी उठून येत जाईन," बाई म्हणाल्या, बाही उसवायला घेते म्हणावं तशा आवाजात.