देव अडला नव्हता

आज सकाळी देवळातून उदाचा वास आला आणि यात्रा जवळ आल्याचं कळलं. आमच्या गावात महादेवाची पालखी कोष्टी गल्लीत जात नाही. पूर्वी तिथं देव अडला होता, असं सगळे सांगतात. खरं काय झालं ते मला ठाऊक आहे.

गोष्ट निजामाच्या अमलातली. मी विशीतला, पालखीचा पुढचा खांदा भांडून मिळवलेला. दिवस मावळायच्या आत मिरवणूक संपवायची, या अटीवरच परवानगी होती. चैत्रातल्या उन्हानं माती तापलेली, हलग्यांनी कान बधिर झालेले. कोष्टी गल्लीच्या तोंडाशी माझ्या अनवाणी पायात बाभळीचा काटा खोल रुतला. गुडघा वाकला, दांडा खाली आला.

"देव अडला! फिरवा पालखी!" गुरव ओरडले.

एवढ्याशा काट्यानं वाकलो, हे सांगायची मला लाज वाटली. दांडा सावरून मी इतरांबरोबर पालखी फिरवली. दारात आरतीचं ताट घेऊन उभी असलेली एक बाई विचारत राहिली, "आमचं काय चुकलं वो?"

तेव्हा वाटलं, वर्षभरात लोक विसरतील. पण त्या गल्लीनं साठ वर्षं देवाचा राग मुकाट्यानं सोसला.

आज दुपारी यात्रेच्या बैठकीत पंचांपुढं सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. कोष्टी गल्लीतली एक सून उठली.

"आजोबा, लई उशीर केलात तुम्ही," ती म्हणाली. मग पंचांकडं वळली, "औंदा पालखी किती वाजता येणार ते सांगा. सडा घालायचा हाय."